‘माणूस’ शब्दाचं मूळ कसं शोधायचं: एसटीतल्या बोलण्यापासून पाणिनीपर्यंत

‘माणूस’ हा ‘मनुष्य’चा अपभ्रंश, हे उत्तर बहुतेकांना शाळेपासून पाठ असतं. ते जवळचं आहे, पण बरोबर नाही. ‘मनुष्य’मधला म ऱ्हस्व आहे आणि ‘माणूस’मध्ये मा आहे. हा काना कुठून आला? याचं उत्तर देता येत नसेल तर व्युत्पत्ती अजून लागलेली नाही, फक्त दोन शब्द शेजारी ठेवले आहेत, असं समजावं. पुढे दिलेल्या पद्धतीने काम केलं तर हा काना थेट संस्कृतमधल्या एका प्रत्ययापर्यंत नेऊन पोचवतो. एक शब्द असा नीट सोडवला की याच वाटेने पुढचे पन्नास सोडवता येतात.

तयारी फार लागत नाही. एक दोनशेपानी वही घ्या आणि पानावर पाच रकाने आखा: ऐकलेलं रूप, पूर्ण वाक्य, लिंग-वचन, ठिकाण, बोलणाऱ्याचं अंदाजे वय. नाव लिहायचं नाही, त्याची गरज नसते. ऐकण्यासाठी दोन-तीन संध्याकाळी, कोशांसाठी एक पूर्ण दिवस. कोशांपैकी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश हे तिन्ही इंटरनेटवर फुकट शोधता येतात. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश मात्र ग्रंथालयात बसून पाहिलेला बरा. त्यासाठी कोल्हापुरात १८५० पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागाकडे चौकशी करावी.

कोश आधी उघडू नका. आधी कान.

ऐकायचं कुठे आणि काय

कोल्हापुरात यासाठी जागांची वाण नाही. गंगावेशीतला दूधकट्टा, लक्ष्मीपुरीचा बाजार, हंगामात मार्केट यार्डातले गुळाचे सौदे, पेठेतल्या तालमीचा कट्टा, आणि सगळ्यात चांगली जागा म्हणजे राधानगरी, पन्हाळा किंवा कागलकडे जाणारी एसटी. एसटीत दोन अनोळखी माणसं जागेवरून, गर्दीवरून, म्हाताऱ्यांवरून बोलतात, आणि या तिन्ही विषयांत ‘माणूस’ हमखास येतो.

किमान तीस वाक्यं जमवा, त्यातली निम्मी तरी पन्नाशीच्या पुढच्या लोकांची असू द्या. एकाच बोलणाऱ्याची तीनपेक्षा जास्त वाक्यं घेऊ नका, नाहीतर बोलीच्या ऐवजी एका माणसाची लकब हातात येते.

सरळ प्रश्न विचारू नका. ‘माणूस हा शब्द पुल्लिंगी की नपुंसकलिंगी?’ असं विचारलं की समोरचा शाळेतलं व्याकरण आठवून ‘पुल्लिंगी’ म्हणणार, आणि पुढच्याच वाक्यात ‘चांगलं मानूस गेलं बगा’ असं बोलून जाणार. तुम्हाला ते दुसरं वाक्य हवं आहे. वाक्य ऐकल्याबरोबर जसंच्या तसं उतरवा. घरी जाऊन आठवून लिहिलेल्या वाक्यात ‘हाय’चं ‘आहे’ होतं आणि ‘मानूस’चा ‘माणूस’ होतो, कारण हात आपोआप शुद्ध लिहितो.

‘मानूस’मधला न

वहीत पहिली गोष्ट दिसेल ती ही की गावाकडच्या तोंडी ‘मानूस’, ‘मानसं’ असं येतं, ण नाही. इथे एक मोह होतो. संस्कृतात ‘मानुष’, बोलीत ‘मानूस’, म्हणजे कोल्हापूरच्या बोलीने संस्कृतचा मूळ न जपला आणि पुस्तकी मराठीने तो बिघडवला, असा निष्कर्ष काढावासा वाटतो. तो चुकीचा आहे, आणि तपासायला दोन मिनिटं पुरतात.

ज्या शब्दांत संस्कृतातच ण आहे असे शब्द त्याच बोलणाऱ्याच्या तोंडून ऐका: गुण, बाण. तो ‘गुन’, ‘बान’ म्हणत असेल तर त्याच्या बोलीत प्रत्येक ण चा न झालेला आहे, मुळात तो कुठून का आलेला असेना. ‘पानी’, ‘कोन’, ‘आनि’ हेही त्याच ओळीतले. म्हणजे ‘मानूस’मधला न हा जुना वारसा नाही, आधी ण झाला आणि नंतर बोलीत तो पुन्हा न झाला. शब्दाचा इतिहास लिहिताना हे दोन्ही टप्पे लिहायचे, मधला गाळायचा नाही.

वहीत ‘मानसं’ लिहिताना अनुस्वार ठळक द्या. तो निसटला की ‘मानस’ उरतं, आणि ते मनस् पासून आलेलं, मनाशी संबंधित असं वेगळंच नाम-विशेषण आहे. मानसिक, मानसशास्त्र, मानसी हे सगळे त्या घरातले. ‘मानसशास्त्र म्हणजे माणसांचं शास्त्र’ अशी गल्लत याच साम्यातून होते.

लिंग: वहीतला सगळ्यात मोलाचा रकाना

तिसरा रकाना भरताना घाई करू नका. तुमच्याकडे साधारण अशी वाक्यं जमतील:

‘म्हातारं मानूस हाय, बसू द्या की.’
‘बाईमानूस एकटं कसं जाईल एवढ्या रात्रीचं?’
‘लई भारी मानूस हाय त्यो.’
‘मानसं लई जमल्यात.’

पहिल्या दोन वाक्यांत ‘म्हातारं’, ‘एकटं’ ही नपुंसकलिंगी रूपं आहेत. तिसऱ्यात ‘त्यो’ आहे, म्हणजे पुल्लिंग. दोन्ही खरी आहेत, कुठलंही खोडू नका. ‘म्हातारं माणूस’ हे शहरात शिकलेल्या माणसाच्याही तोंडी सहज येतं आणि त्यात म्हातारी बाई आली काय, म्हातारा बाप्या आला काय, फरक पडत नाही.

आता चौथं वाक्य पाहा. हे बोलीपुरतं नाही, प्रमाण मराठीलाही तंतोतंत लागू आहे. मराठीत अकारान्त पुल्लिंगी नामाचं अनेकवचन बदलत नाही: एक दगड, चार दगड, एक देव, तेहेतीस कोटी देव. अकारान्त नपुंसकलिंगी नामाचं बदलतं: एक घर, चार घरे, एक फूल, चार फुले. ‘माणूस’ कुणाच्या मागे जातो? एक माणूस, चार माणसे. ‘ती माणसे’ म्हणतो, ‘ते माणूस आले’ असं चार जणांबद्दल म्हणत नाही. म्हणजे आज आपण एकवचनात ‘तो माणूस’ म्हणत असलो तरी अनेकवचन नपुंसकलिंगाचंच टिकून आहे. शब्द नपुंसकलिंगी होता आणि एकवचनात हळूहळू पुल्लिंगाकडे सरकला, याचा पुरावा रोजच्या बोलण्यात पडलेला आहे.

याचा अर्थावर थेट परिणाम होतो. ‘माणूस’ म्हणजे आधी ‘व्यक्ती’, बाई किंवा बाप्या कुणीही. ‘पुरुष’ हा अर्थ नंतर चिकटला. म्हणून तर ‘बाईमाणूस’ आणि ‘गडीमाणूस’ असे दोन समास लागतात. ‘माणूस’चा अर्थ मुळात पुरुष असता तर ‘बाईमाणूस’ हा शब्दच तयार झाला नसता. ‘आमची माणसं’ म्हणताना घरातल्या बायका, पोरं, म्हातारीकोतारी सगळी त्यात येतात, ते उगीच नाही.

सामान्यरूप आणि लेखन

हे थोडक्यात. ‘माणूस’ला प्रत्यय लागला की मधला ऊ जाऊन अ येतो: माणसाला, माणसाने, माणसांत. लाकूड–लाकडाला, बेडूक–बेडकाला यांचाच हा नियम. ‘माणुसकी’त णु ऱ्हस्व, कारण तो आता शेवटून दुसरा राहिला नाही, तिसरा झाला. ‘माणूसघाणा’त णू दीर्घ, कारण तिथे पूर्ण शब्द समासात तसाच बसला आहे. आणि ‘अमानुष’मध्ये न आणि ष, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द. ‘माणुषकी’ किंवा ‘अमाणुस’ लिहिणारा दोन वेगळ्या काळांतले शब्द एकमेकांत मिसळत असतो.

मागे जाण्याची शिडी

आता कोश उघडा. मोल्सवर्थमध्ये शब्दाच्या पुढे संस्कृत, फारसी, अरबी यांची आद्याक्षरं असतात. शब्द जसाच्या तसा संस्कृत असेल तर खूण एकटीच असते. मूळ रूप वेगळं असेल तर ते कंसात दिलेलं असतं. हा फरक न पाहता ‘संस्कृत’ एवढंच टिपून घेणं ही नवख्यांची नेहमीची चूक. टर्नरचा कोश संस्कृत रूपांच्या क्रमाने आहे, त्यामुळे त्यात ‘मनुष्य’ आणि ‘मानुष’ या दोन्ही नोंदी स्वतंत्र काढून पाहाव्या लागतात.

कोशाने दिलेलं मूळ मान्य करण्याआधी स्वतः शिडी मांडा. दोन रांगा लिहा:

मनुष्य → मणुस्स → (मणूस)
मानुष → माणुस → माणूस

आणि एकेक ध्वनी तपासा.

न चा ण: स्वरांच्या मध्ये एकटा न असला की महाराष्ट्री प्राकृतात त्याचा ण होतो आणि मराठीत तो राहतो. पानीय–पाणी, जन–जण, भगिनी–बहीण, स्नान–न्हाण. दोन्ही रांगा या परीक्षेत पास.

इथेच एक उलटी तपासणी करून ठेवावी, कारण मराठीची ही खोड फार सुंदर आहे. प्राकृतातला जोड ण्ण मराठीत न होतो: कर्ण–कण्ण–कान, पर्ण–पण्ण–पान, अरण्य–रण्ण–रान. म्हणजे संस्कृतात न असलेल्या पानीयचं ‘पाणी’ झालं आणि ण असलेल्या पर्णाचं ‘पान’. ‘माणूस’मध्ये ण आहे याचाच अर्थ मागे एकटा व्यंजन होता, जोड नव्हता.

ष चा स: तुष–तूस, वर्ष–वरीस. ष्य चा प्राकृतात स्स. पुन्हा दोन्ही रांगा पास.

ऊ: इथे बहुतेक जण फसतात. मराठीत जोडव्यंजन सुटं झालं की त्याच्या आधीचा स्वर दीर्घ होतो: दुग्ध–दुद्ध–दूध, पुत्र–पुत्त–पूत. त्या नियमाने ‘मणुस्स’चं ‘मणूस’ होतं, म्हणून ‘ऊ आला, म्हणजे मनुष्य सिद्ध झालं’ असं वाटतं. पण जोडव्यंजन नसतानाही शब्दाच्या शेवटचा अ उच्चारातून गेला की आधीचा उ लांबतो. तुष–तूस मध्ये जोडव्यंजन कुठे आहे? म्हणजे ऊ दोन्ही वाटांनी येऊ शकतो, आणि दोन्ही वाटांनी येणारी गोष्ट पुरावा ठरत नाही.

राहिला मा. सप्त–सत्त–सात, हस्त–हत्थ–हात, कर्म–कम्म–काम इथे अ चा आ झाला तो लगेच पुढे जोडव्यंजन होतं म्हणून. ‘मणुस्स’मध्ये म च्या पुढे एकटा ण आहे, जोड नाही. अशा ठिकाणी पहिला अ ऱ्हस्वच राहतो: कपाट–कवाड, सपत्नी–सवत, कलश–कळस. कुणी ‘काळस’ किंवा ‘सावत’ म्हणत नाही. तेव्हा ‘मनुष्य’पासून निघालेला शब्द ‘मणूस’ झाला असता, ‘माणूस’ नाही. ‘मानुष’ मात्र एकही पायरी न चुकता ‘माणूस’पर्यंत येतो. निकाल मा वर लागतो.

‘मनुष्य’ची वाट कशी दिसते ते पाहायचं असेल तर पाली ‘मनुस्स’ आणि सिंहलीतला ‘मिनिसा’ पाहावा. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातला गुजरातमधल्या गिरनारचा अशोकाचा दुसरा शिलालेख माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचारांबद्दल सांगतो तिथे ‘मनुसचिकीछा’ आणि ‘पसुचिकीछा’ असे शब्द आहेत. म ऱ्हस्व, म्हणजे ‘मनुष्य’चाच वंश. मात्र ‘मनुस’मध्ये स एकटा दिसतो म्हणून उच्चारही एकट्या स चा होता असं धरू नका; अशोकाच्या ब्राह्मीत द्वित्त लिहीत नसत, ‘मनुस्स’ हेही ‘मनुस’ असंच लिहिलं जाई. ओडिशातल्या धौलीच्या लेखात ‘सवे मुनिसे पजा ममा’, सगळी माणसं माझी लेकरं, असं आहे. तिथे पहिला स्वरही बदलला आहे. एकच शब्द, एकच राजा, दोन टोकांना दोन रूपं.

दुसऱ्या बाजूला ‘मानुष’ची वाट गुजरातीत ‘माणस’ आणि बंगालीत ‘मानुष’ अशी दिसते. कोल्हापूरला कानडीचा शेजार आहे आणि कानडीतही ‘मनुष्य’ हा शब्द रोजच्या वापरात आहे, म्हणून कागल-निपाणीकडे ऐकलेलं ते रूप याच वंशावळीत घालू नका. कानडी द्राविडी कुळातली. तिच्याकडे तो संस्कृतातून उसना गेला. उसना शब्द आणि भावंड शब्द यांना वहीत वेगवेगळ्या खुणा हव्यात.

तो काना कुठून आला

संस्कृतात ‘मनु’ आहे, आणि त्याच्याच जोडीला स् अंत्य असलेलं ‘मनुस्’ हे जुनं रूप वेदात आहे. उ च्या पुढे प्रत्यय आला की स् चा ष् होतो. म्हणून मनुस् + य = मनुष्य, आणि मनुस् + अ = मानुष. दुसऱ्या रूपात पहिला स्वर वाढला: त्याला वृद्धी म्हणतात. पांडूचे ते पांडव (इथे पहिला स्वर आधीच दीर्घ), कुरूचे ते कौरव, शिवाचा तो शैव, मनूचा तो मानव. ‘अमक्याचा, अमक्यापासून झालेला’ हे सांगण्याची ती संस्कृतची रीत.

पाणिनीने हे चौथ्या अध्यायातल्या पहिल्या पादाच्या १६१व्या सूत्रात एका ओळीत बसवलं आहे: ‘मनोर्जातावञ्यतौ षुक् च’. जात या अर्थी, म्हणजे मनुष्यजात सांगायची असेल तेव्हा, ‘मनु’ला अञ् आणि यत् हे दोन प्रत्यय लागतात आणि मध्ये ष् येतो. अञ् मधला ञ् ही खूण आहे: तो असला की पहिल्या स्वराची वृद्धी. म्हणून अञ् लागून ‘मानुष’. यत् मध्ये तशी खूण नाही, म्हणून वृद्धी नाही, आणि यत् लागून ‘मनुष्य’. गंगावेशीत दुधाचा पेला हातात धरून कुणी ‘मानूस’ म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडातला मा चा काना म्हणजे पाणिनीने टिपलेली ती वृद्धी आहे. मधल्या काळात न बदलला, ष बदलला, शेवटचा अ गेला, लिंग सरकलं. काना तसाच राहिला.

‘मनु’च्या मागे काय? परंपरेने तो मन् धातूशी जोडला आहे: मन् म्हणजे विचार करणं, मानणं; मन, मनन, मती, मनीषा हे शब्द त्यातलेच. वेदातल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्तात (तिसरा अध्याय, सातवा खंड) ‘मनुष्याः कस्मात्’ असा प्रश्न विचारून एकापेक्षा जास्त उत्तरं दिली आहेत: ‘मत्वा कर्माणि सीव्यन्ति’, विचार करून कर्मं शिवतात, एकाला एक जोडतात, म्हणून, ‘मनस्यमानेन सृष्टाः’, मनन करणाऱ्याने निर्मिले म्हणून, ‘मनोरपत्यम्’, मनूचं अपत्य म्हणून, आणि शेवटी ‘मनुषो वा’. पहिलं उत्तर सगळ्यात देखणं आहे आणि भाषणांत तेच येतं. आजच्या व्युत्पत्तीला सगळ्यात जवळचं आहे ते शेवटचं, दोन शब्दांचं. यास्काने अनेक पर्याय शेजारी ठेवले यातून पद्धत शिकावी, पण ध्वनींच्या शिडीवर उभं राहतं तेच निवडावं.

इंग्रजी ‘मॅन’चा मोह

‘मॅन’ हा ‘मनु’पासून आला, असे संदेश रोज फिरतात. आला असं म्हणू नका. दोन्ही एकाच जुन्या भाषाकुळातले भावंड शब्द म्हणून मांडले जातात; एक दुसऱ्याचा बाप नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८च्या सुमारास जर्मन टोळ्यांबद्दल लिहिताना त्यांचा मूळपुरुष ‘मान्नुस’ असल्याचं सांगितलं आहे. मनूची आठवण व्हावी असंच ते आहे. पण ‘मॅन’ म्हणजे ‘विचार करणारा’ हा पुढचा टप्पा भाषाशास्त्रात वादाचा आहे, तो वहीत प्रश्नचिन्हासकटच लिहावा.

जर्मनमध्ये माणसाला ‘मेन्श’ म्हणतात. तो ‘मान’ला प्रत्यय लागून झालेल्या विशेषणातून आला: ‘मान’चा तो मेन्श, जसा मनूचा तो मानुष. आणि ‘वुमन’ हा जुन्या इंग्रजीत ‘वीफ’ (बाई) आणि ‘मान’ (माणूस) यांचा समास होता, कारण तेव्हा ‘मान’मध्ये बाई-बाप्या दोन्ही येत. आपल्या ‘बाईमाणूस’शी ताडून पाहा, बांधणी हुबेहूब तीच.

‘ह्यूमन’ मात्र या घरातला नाही. तो लॅटिनमधून आला, ‘होमो’च्या कुळातला, आणि ते कूळ मातीच्या शब्दाशी जोडलेलं आहे. त्याच्या शेवटचं ‘मन’ नुसतं कानाला सारखं. तसंच ‘मान असतो तो माणूस’, ‘मन उसवतं तो माणूस’ असल्या फोडी सोडून द्याव्यात. मराठी शब्दाचे आजचे तुकडे करून मूळ सापडत नाही, कारण शब्द झाला तेव्हा ते तुकडे आजच्या रूपात नव्हतेच.

त्याच वहीत पुढचे शब्द

माणसासाठी मराठीत आणखी शब्द आहेत आणि प्रत्येकाची वाट निराळी. पंचनाम्यातला ‘इसम’ अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ ‘नाव’. ‘बडी असामी’तला ‘असामी’ त्याच अरबी शब्दाच्या अनेकवचनातून, म्हणजे ‘नावं’. कागदावरच्या नावापासून तो माणसापर्यंत पोचला. ‘व्यक्ती’ संस्कृत, मूळ अर्थ ‘प्रकट होणं’, ति प्रत्ययामुळे स्त्रीलिंगी, आणि पुरुषाबद्दल बोलतानाही ‘ती व्यक्ती’. ‘चार जण’मधला ‘जण’ हा जन् धातूचा, जन्मलेला.

कोल्हापुरात मात्र पहिला हक्क ‘मर्दा’चा. ‘काय मर्दा, कुठं हाईस?’ मधला ‘मर्द’ फारसीतून आला. फारसीच्या मागे जुन्या पर्शियनमध्ये तो ‘मर्तिय’ होता; इराणच्या दारयवौश (डरायस) राजाच्या बेहिस्तूनच्या कोरीव लेखात तो आहे. आणि ‘मर्तिय’चं संस्कृत भावंड ‘मर्त्य’: मरणारा. म्हणजे ‘मर्द’ आणि ‘मरण’ एका मुळाचे, पण ‘मर्दा’ संस्कृतातून मराठीत आलेला नाही, इराणवरून वळसा घालून आला आहे. वहीत हा वळसा दाखवला नाही तर नोंद चुकली.

तालमीत यातला सापळाही तयार असतो. एका बाजूला मर्दानी खेळ, दुसऱ्या बाजूला तेलाचं मर्दन. पहिला शब्द फारसी ‘मर्द’चा. दुसरा संस्कृत मृद् धातूचा, चुरणं, रगडणं, चिरडणं. महिषासुरमर्दिनीतली ‘मर्दिनी’ही त्यातलीच. दोन्ही शब्द एकाच मातीत वापरले जातात, म्हणून त्यांचा गोंधळ इथे इतरत्रापेक्षा जास्त होतो.

नोंद कशी लिहायची

सगळं झाल्यावर प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करा. पक्क्या गोष्टी शाईने, शंकेच्या पेन्सिलने. ‘माणूस’चं कार्ड असं होईल:

माणूस. पुं. व न. अनेकवचन माणसे, माणसं (न.). सामान्यरूप माणसा-. कोल्हापूर परिसरात मानूस, मानसं (सर्व ण चा न, उत्तरकालीन). अर्थ: १. व्यक्ती, स्त्री वा पुरुष, २. पुरुष. प्राकृत माणुस. संस्कृत मानुष, मनुस् + अ, आद्य स्वराची वृद्धी. जसेच्या तसे घेतलेले: मानुष, अमानुष. सहोदर: मनुष्य, मानव. शेजारी: गुजराती माणस, बंगाली मानुष. पेन्सिलने: मनु – मन् धातू – मॅन?

कार्डाच्या मागे वहीतली दोन वाक्यं, न सुधारता. एक नपुंसकलिंगाचं, एक पुल्लिंगाचं, ठिकाण आणि वयासकट: ‘म्हातारं मानूस हाय, बसू द्या की. राधानगरी एसटी, बाई, साठीच्या पुढे.’